झेटरच्या स्टीयरिंगचा डबा व माझी इतर मालमत्ता

मी, तेजराम गणपत कापगते, वय वर्षे एकाहत्तर, पोलाद कारखान्याच्या पॅटर्न शॉपमधून, म्हणजे साचे करण्याच्या खात्यातून, निवृत्त, मूळचा साकोलीकडचा, नोकरीत असताना सेक्टर २ च्या क्वार्टरमध्ये व आता जुनवानी, भिलाई येथे राहणारा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. शुगर वाढलेली आहे, डावा डोळा अधू आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवून हे लिहवून घेतलेले नाही; माझ्यावर धाक चालवील असा माणूस या घरात जन्मला नाही. याआधीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतल्या दुसऱ्यात मी सगळ्यांशी उगीच चांगला वागलो होतो.

कलम १. जुनवानीचे राहते घर व बँकेतली ठेव माझी पत्नी बेबी, जिला सगळी कॉलनी बेबीताई म्हणते, तिला द्यावी. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ती घरामागच्या माझ्या शेडमध्ये फक्त कोणी मेल्याचे सांगायला आली. ती दारात दिसली की मी आधी हातातला पाना खाली ठेवायचो. तिच्यामागे घर कोणाला द्यायचे हे तिचे तिने ठरवावे. ती मुलाला देईल आणि म्हातारपणी त्याच्याच दाराशी बसून चहाची वाट पाहील. मी तिला बजावून थकलो.

कलम २. मुलगा शुभम याला शेडमधला हातातला ग्राइंडर द्यावा, वायरीसकट. कारण लिहिणे भाग आहे. माझा झेटर ट्रॅक्टर साठच्या दशकात बोटीने आलेला आहे. त्याच्या इंजिनावर डाव्या अंगाला ठोकलेला नंबर होता. जुन्या ट्रॅक्टरची ओळख रंगावरून होत नसते. रंग कोणीही फासतो. रिव्हेटने बसवलेली पट्टीही बदलता येते. लोखंडात ठोकलेला नंबर आणि साच्यात ओतून ढाळतानाच उमटलेली अक्षरे, एवढेच खरे. मी गावाला गेलो असताना या चिरंजीवांनी व्हिडिओ काढायचा म्हणून ट्रॅक्टर लालभडक रंगवला आणि रंग गुळगुळीत बसावा म्हणून तो नंबर ग्राइंडरने घासून टाकला. वर मलाच म्हणाला, "बाबा, कितना चिकना झालं पाहा न." तेव्हापासून तो मित्रांत सांगत फिरतो की बाबा सटक गये हैं. त्याला दुसरे काही देऊ नये.

कलम ३. ट्रॅक्टर, शेड, सगळी हत्यारे, पार्टची पेटी आणि ज्यात मी चाळीस वर्षे वेगवेगळ्या ट्रॅक्टरांच्या खुणा चित्रासह उतरवल्या त्या सात वह्या माझी मुलगी रेणू हिला द्याव्या. हे वाचून घरात आरडाओरड होईल. ती संपू द्यावी व मग पुढे वाचावे.

रेणूला लहानपणी गल्लीतून ट्रॅक्टर गेला की आवाजावरून कोणता ते सांगता यायचे. शुभमला अजून पानाही ओळखता येत नाही. तरी मी त्याला शेडमध्ये घेतले आणि तिला गोंदियात दिले. सहा वर्षांनी ती नवरा सोडून परत आली तेव्हा मी तिला सांगितले की या घरात परत आलेल्या मुलीसाठी खोली नाही. तिने रडून दाखवले नाही. उतईला एक गाळा घेतला आणि जुन्या ट्रॅक्टरांचे पार्ट शोधून द्यायचा धंदा मांडला. गिऱ्हाईक तिच्याकडे येत, पण घेण्याआधी फोटो मला पाठवत. तेजरामने अस्सल म्हटले की अस्सल. उतईपासून राजनांदगावपर्यंत हाच रिवाज होता, आणि मला तो फार गोड लागायचा.

माझ्या झेटरला स्टीयरिंगचा डबा दुसऱ्याच ट्रॅक्टरचा बसवलेला होता. मूळ डबा मी एकोणीस वर्षे शोधला. भंगारवाले, गॅरेजवाले, गोठे, विहिरी, काही सोडले नाही. मागल्या वर्षी सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला शेडमध्ये पन्नासेक माणसे जमली होती. प्रसाद वाटणे चालू असताना रेणू ऑटोतून उतरली आणि पोत्यात गुंडाळलेला डबा तिने माझ्यासमोर ठेवला. उतईजवळच्या एका गावात राधाबाई नावाच्या म्हातारीच्या गोठ्यात तो पडून होता. वरून इतकी वर्षे शेणाने सारवलेला, म्हशीच्या दाव्याला वजन म्हणून. रेणूने नखाने शेण खरवडले आणि अक्षरे दिसली.

एवढ्यावर थांबली असती तर आज हे लिहावे लागले नसते. पण पोरगी खुशीत होती. म्हणाली, "बाबा, तुमी याच्यावरच बसून चाय पेले होते म्हणे. राधाबाई सांगून रायली होती."

खरे होते. मी त्या गोठ्यात गेलो होतो, डब्यावर बसलो होतो, चहा पिऊन इथे काही नाही असे सांगून उठलो होतो. माझा मित्र जानराव रामटेके, फाउंड्रीत चाळीस वर्षे साच्यांत वाळू भरणारा मोल्डर, तो तोंडात बुंदी असताना ओरडला, "काखेत कळसा कायचा बे, तेजरामच्या बुडाखाली कळसा होता!" आख्खी शेड हसली. बेबीसुद्धा हसली, आणि त्या दिवशी कोणी मेलेही नव्हते.

मी डबा पायाने उलटा केला आणि म्हणालो, "नकली आहे. अक्षरं पुसट आहेत. कोणीतरी मूळ डब्यावरून साचा करून ढाळलाय. उतईच्या दुकानात असाच माल मिळतो."

हसणे बंद झाले. रेणू म्हणाली, "मोजून तरी पाहा." मी म्हणालो, "मला मोजायची गरज पडत नाही."

ती डबा तिथेच टाकून गेली. त्या महिन्यात तिचे गिऱ्हाईक तुटले आणि दिवाळीपर्यंत गाळा बंद झाला. आता ती दुसऱ्याच्या दुकानात सीटकव्हर शिवते.

कलम ४. पुढील मजकूर मी शपथेवर लिहितो. पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा मोजला. तापलेले लोखंड थंड होताना आक्रसते. म्हणून मूळ वस्तूचाच साचा करून ढाळलेला नकली माल शंभरात एक भाग तरी लहान भरतो. जन्मभर मी याच हिशेबाने साचे केले. डबा कंपनीच्या जुन्या पुस्तकातल्या मापाला बरोबर भरला, केसभरही कमी नाही. तो अस्सल आहे.

त्याच दिवशी दुपारी जानराव आला. "तेजराम, पोरीले कावून खोटं पाडलं? माल पाहून समजते मले. मोज न एकदा." मी म्हणालो, वाळू भरणाऱ्याने साच्यातले मला शिकवू नये. चाळीस वर्षे ज्याच्या डब्यातली भाजी खाल्ली त्याला मी हे बोललो. तो वर्षभर माझ्या दारात आला नाही.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जानराव रामटेके याने करावी. तो मला शिव्या देईल पण खोटे वाचणार नाही. माझ्या मरणानंतर जी पहिली विश्वकर्मा पूजा येईल, त्या दिवशी शेडमध्ये तीच माणसे बोलावून त्याने कलम ४ मोठ्याने वाचावे आणि रेणूने सगळ्यांसमोर डब्याला पट्टी लावावी. त्याआधी तिला कलम ४ मधले काही कळू देऊ नये. मी ऑक्टोबरात मेलो तर तिला अकरा महिने थांबावे लागेल. थांबेल, तिला सवय आहे.

जानराव विचारेल की जिवंतपणी का सांगितले नाहीस. सांगून टाकतो. माझ्याजवळ दुसरे काही नाही. बायको मला भिते, प्रेम करत नाही. मुलगा माझ्या मरणाची वाट पाहतो. लोक फक्त या एका गोष्टीसाठी माझ्याकडे यायचे, की तेजराम चुकत नाही. तेवढे मला स्मशानापर्यंत न्यायचे आहे. मुलीच्या पोटावर पाय देऊन न्यायचे आहे हे मला कळते, आणि रोज सकाळी उठल्याबरोबर आधी तेच कळते. माफी मागत नाही. माफी समोर उभे राहून मागायची असते आणि तेवढी माझी छाती नाही.

कलम ६. शुभम उद्या कोर्टात म्हणेल की म्हातारा भ्रमिष्ट होता. वकिलाकडून समजले की साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवायची गरज नसते. करणारा शुद्धीवर आहे आणि त्याने आपल्यासमोर सही केली, एवढेच तो लिहून देतो. म्हणून पहिला साक्षीदार मी शुभमलाच केले आहे. तो बाहेर गाडी चालू ठेवून उभा आहे. आताच विचारून गेला, "बाबा, साइन कुठं करू? जल्दी करा न." आपल्या नावावर काहीतरी होते आहे असे त्याला वाटते, म्हणून आज पहिल्यांदा तो माझ्या पाया पडला.

कलम ७. हे कलम सही करण्यापूर्वी आयत्या वेळी लिहीत आहे. आज सकाळी रेणू आली होती. दारातच उभी राहिली, मी बस म्हणालो नाही. बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा होत्या. म्हणाली, "बाबा, दुकान गेलं त जाऊ द्या. मले फक्त समजू द्या. मीच चुकली असन त मान्य हाय. एकदा मोजून पाहा न."

हे कागद माझ्यासमोर टेबलावर होते. कलम ४ वरच होते. हात पुढे केला असता तर तिला वाचता आले असते.

मी म्हणालो, "मोजला. कमी भरला."

ती "बरं" म्हणाली आणि गेली.

येथे मृत्युपत्र पूर्ण झाले.

तेजराम गणपत कापगते
(सही)

आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की मृत्युपत्र करणारे तेजराम कापगते पूर्ण शुद्धीवर असून, आपण काय करत आहोत हे त्यांना नीट समजते, व त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

साक्षीदार १ : शुभम तेजराम कापगते, जुनवानी (सही)
साक्षीदार २ : सुमेध जानराव रामटेके, रेल्वे कर्मचारी, दुर्ग (सही)

स्थळ : जुनवानी, भिलाई
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२४