उलटी पडलेली चप्पल

अप्पा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि तुमच्याशी बोलायचं मला आत्ता सुचतंय. तुम्ही असता तर म्हणाला असता, आधी हातपाय धू, मग बोल. धुतलेत. आता ऐका.

गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाई विहिरीत मेलेल्या सापडल्या त्या सकाळी मी तुमच्याबरोबर होते. अक्कलकोटच्या पलीकडचं, राज्याच्या हद्दीला टेकलेलं आपलं गाव. एसटी दिवसातून दोनदा, त्यामुळे तालुक्याहून फौजदार यायला उशीर होणार होता. तुम्ही पोस्टमास्तर, शब्दाचा माणूस, म्हणून पंच व्हायला तुम्हाला बोलावलेलं. मी दहा वर्षांची, शाळा बुडवून तुमच्या मागोमाग. सगळ्यांचे डोळे पाण्याकडे होते. बाईंची एक चप्पल विहिरीच्या पायरीवर होती, दुसरी चार पावलं लांब बाभळीखाली, उलटी पडलेली. तुम्ही ती उचललीत, सरळ केलीत आणि पहिलीच्या शेजारी नेऊन ठेवलीत. तुमच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. चप्पल उलटी राहिली की घरात भांडणं होतात, म्हणून तुमचा हात आपोआप जायचा. देवळाबाहेर परक्यांच्याही चपला तुम्ही सरळ करायचात आणि आई म्हणायची, गावच्या चपलांचा ठेका घेतलाय जणू.

फौजदारांनी पंचनाम्यात लिहिलं, चपला काठावर जोडीनं नीट काढून ठेवलेल्या. नीट काढून ठेवल्या म्हणजे बाईंनी स्वतःहून जीव दिला. तुम्ही खाली सही केलीत.

त्या संध्याकाळी आई भाकरी थापतेय, तुम्ही जेवताय, आणि मी म्हणते, अप्पा, ती चप्पल तर तुम्ही ठेवलीत. तुमचा घास हातातच राहतो. तोवर तुमच्या ते ध्यानातच आलं नव्हतं, हे मला तुमच्या तोंडावर दिसतं. "कागद गेला आता तालुक्याला," तुम्ही हळूच म्हणता. "परत हे तोंडातनं काडायचं न्हाय." आणि ताटावरून उठता. माझ्यावर तुम्ही कधी हात उगारला नाहीत, पण त्या वाक्याची भीती मला लग्न होईपर्यंत पुरली.

त्यानंतर तुम्ही कुणाची उलटी चप्पल सरळ केली नाहीत. दिसली की वळसा घालून जायचात. आईला वाटायचं, गुडघे दुखत असतील. मला तुमची दया यायची आणि रागही यायचा. राग जास्त. कारण आईला घेऊन राहणारी, बिनलग्नाची बाई. तिच्या मरणाला कारणं शोधायला गावाला कितीसा वेळ लागणार? दिवस गेले होते म्हणे, कुणाशी सूत होतं म्हणे. बाईंच्या आईनं ते सगळं ऐकलं आणि गाव सोडलं.

ती इथंच सोलापुरात असते, अप्पा. मुलाकडे, मी शिकवते त्या शाळेपासून दोन गल्ल्यांवर. नव्वदीला आलीय, सगळे तिला अव्वा म्हणतात. गेल्या वर्षी शेजारच्या बारशाला मी त्या गावची, पोस्टमास्तरांची मुलगी, हे कळल्यावर तिनं माझा हात धरून विचारलं, तुमी काय बगितलं व्हतं का? मी म्हणाले, लहान होते, आठवत नाही. घरी येऊन तुमच्यावर खूप चिडले. चिडून झाल्यावर कळलं की आता गप्प बसलेली मी आहे.

बाईंना कुणी ढकललं, की पळताना पाय घसरला, की खरंच त्यांनी उडी घेतली, मला माहीत नाही. ते आता कुणालाच कळायचं नाही. पण चपला नीट काढून ठेवलेल्या नव्हत्या, एवढं मला ठाऊक आहे, आणि तेवढं तिला सांगायचंच असं मी ठरवलं. हे पत्र तुमची परवानगी मागायला घेतलं होतं. पण खोटं कशाला बोलू, काल दुपारीच जाऊन सांगून आले. तुमचं नाव घेऊन. त्यामुळे पोस्टमास्तरांना लिहिलेलं हे पत्र आता पेटीत पडायचं नाही.

म्हातारी म्हणाली, "म्हंजी माजी पोरगी आपणहून गेली न्हाय की."

अव्वा, ते मला सांगता येत नाही, मी म्हणाले. चप्पल उलटी होती एवढं सांगते.

"तेवढं बास हाय," ती म्हणाली. मग तुम्ही हयात आहात का, ते विचारलं. मी नाही म्हणाले. "त्येंनी यायला पायजे व्हतं गं," म्हणाली.

तुमच्या बाजूनं बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, अप्पा. मी बोलले नाही.