पिवळं बोट

लोणार,
१२ नोव्हेंबर १९६३

चांगुणाताईले,

जानरावचा जयभीम. कचरू भाऊजीले अन् पोरीले पण सांगजो. मी बरा आहो. इकडे थंडी सुरू झाली.

तुहं कार्ड काल भेटलं. तिसऱ्यांदा तेच विचारलं तू, "निबंधाचा पेपर कसा गेला?" मी उत्तर देऊन नाही राह्यलो म्हणून तुले वाटत असंल, हा बिमार पडला. बिमार नाही.

कलेक्टरच्या परीक्षेचे बाकीचे पेपर बरे गेले.

ताई, जगात काय चालू आहे हे वाचायचा मले केवढा नाद होता! काँगो, बर्लिन, अल्जेरिया. मी नकाशावर दाखवे अन् तू म्हणे, "काबे, आपलं दुसरबीड कुठी आहे यात?"

तू चौथीतून शाळा सोडली, आईसंगं निंदायले गेली, तवा मी मिशनच्या इंग्रजी शाळेत गेलो. आता तू हॉटेलात भजे तळते अन् येष्टीचे प्रवासी टाकून गेलेले इंग्रजी पेपर जमा करते. तुले वाचता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकाले विचारते, "साहेब, यातली सगळ्यात मोठी बातमी कोणती?" त्यानं दाखवली की तिच्यावर बेसनाचं पिवळं बोट उमटवते. मग गठ्ठा बांधून कंडक्टरजवळ देते.

जुलैत कंडक्टर स्टँडवर सगळ्यांदेखत ओरडला, "जानराव, तुही भज्याची रद्दी आली बे!" सारे हासले. मी पण हासलो.

त्याच आठवड्यात एकानं मले नागपूरहून टाइप केलेल्या नोट्स आणून देल्ल्या. कोरा कागद, तेलाचा डाग नाही. मी त्याच पाठ केल्या. तुले मात्र लिहीत राह्यलो, "गठ्ठा भेटला, सारं वाचलं."

पेपरात विषय आला, अणुबाँबच्या चाचण्या. मले इतका आनंद झाला! नोट्समधला पाठ निबंध होता तो. तीन तास लिहिलं. लिहिलं की मोठे देश अडून बसले आहेत, चाचण्या बंद करायचा करार होऊन नाही राह्यला, कधी होईल भरोसा नाही.

बाहेर आल्यावर अकोल्याच्या एका पोराले मोठ्या ऐटीत सांगितलं. तो म्हणे, "काऊन बे? सही तर ऑगस्टातच झाली ना!"

मले वाटलं, मजाक करते.

खोलीवर येऊन खाटेखालून गठ्ठे काढले. जुलैपासूनचे अकरा होते, ताई. एकाचीही सुतळी सोडलेली नव्हती. चौथ्या गठ्ठ्यात, वरूनच दुसरा पेपर. मॉस्कोत करारावर सही करणाऱ्यांचा फोटो. अन् त्याच्यावर तुहं बोट. एक नाही, तीन. तीन जणांले विचारून खात्री केली असंल तू.

वयाची अट या वर्षी संपली. आता फॉर्म भरता येत नाही. निकालाची वाट तू पाहू नको, मी पाहून नाही राह्यलो. आईले काय सांगू, ते पण सुचत नाही.

तुह्या कार्डासंगं कालच्या येष्टीनं बारावा गठ्ठा आला. हातात घेऊन बसलो होतो. सुतळी सुटली नाही माह्याच्यानं.

आता पेपर पाठवू नको, ताई. भजे बांधायले ठेव.

तू तीन तीन बोटं लावून दाखवलं, तरी ज्याले दिसलं नाही, तो तुहा शिकलेला भाऊ,
जानराव