तक्त्यावरची नाडी

सोम., ६ फेब्रु. १९२८
माझ्या नर्सिंगच्या वर्गातली यमुना खोटं लिहिते. आज पक्कं झालं. वॉर्डातल्या भागूच्या बाळंतपणाचा पाचवा दिवस. तक्त्यावर तीन दिवस संध्याकाळची नाडी ८४, ८४, ८४. माणसाची नाडी की भिंतीवरचं घड्याळ? मी स्वतः मनगट धरून पुरतं मिनिट मोजली. ११२. अंगही कढत. डॉक्टरांना हाक मारली. म्हणाले, "आणखी दोन दिवस गेले असते तर बाई हातची गेली असती."
अक्षर यमुनेचं. जी मोजेल तिनेच लिहायचं, हा माझा नियम. मग दुसरं कोण?

मंगळ., ७
भागू महारवाड्यातली. यमुना लांज्याकडल्या वाण्याची विधवा सून. ड्युटी संपली की विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेते. तांब्या वेगळा. दोन वर्षं पाहतेय मी! शिवायला नको म्हणून अंदाजाने आकडा ठोकून दिला, दुसरं काय. माझे आजोबाही महारवाड्यातलेच. माझ्या हातचं पाणी पिऊन ही मागे जाऊन चूळ भरते का, तेही बघायला हवं.
तिला बोलले नाही. आधी नीट पकडीन, मग बोलीन.

बुध., ८
मुंबईच्या परीक्षेला यंदा एकच मुलगी जायची, नाव मी सुचवायचं. यमुना की एस्तेर. एस्तेर उपदेशकाची मुलगी, प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी हजर, आवाज गोड. अभ्यासात यमुना पुढे, नाही कोण म्हणतं? पण दिराने तिला इथे ठेवलीय ती परीक्षेच्या बोलीवर. नाव गेलं नाही तर घरी नेऊन चुलीशी बसवणार.
तरी मिशन हॉस्पिटलच्या मुख्य मिससाहेबांना लेखी दिलं: यमुना विश्वासाला पात्र नाही, एस्तेरला पाठवावं. मि. सा. खूश. बाप्तिस्मा न घेतलेली मुलगी पाठवायला त्या कधीच्या कां-कूं करत होत्या. त्यांनी लगोलग यमुनेच्या दिराला पत्रही टाकलं. एवढी घाई कसली?

गुरु., ९
वर्गात रोग्याचे पाय धुण्याचा धडा. दरवर्षी आधी योहानातला उतारा वाचते, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो. मग परात, साबण, टॉवेल. मला माझ्या बाईंनी असंच शिकवलं. माझेच पाय परातीत घेतले होते त्यांनी. तोवर आमच्या पायांना कुणी... असो. नर्स व्हायचं ते त्याच दिवशी ठरलं.
यमुना डोळे पुसत होती. ढोंग? की एस्तेरचं नाव गेल्याचं कळलं? एस्तेर खिडकीबाहेर बघत होती.

शनि., ११
भागूचा ताप उतरतोय. तिच्या खाटेशी बसून सहजच विचारलं, "नाडी बघायला कोण येते गो?"
"दोगी येतात. एक सांगते, एक लिवते. सांगनारी माजा हात धरतच नाय. लांबनंच बगते नि आकडा सांगते."
"यमुना ना?"
"नाय ओ बाय! यमुना लिवते. ती बरी हाय, माजी येनी घालते. दुसरी ती. तुमच्या देवाची."
तुमच्या देवाची. म्हणजे एस्तेर.
यमुनेला बोलावलं. म्हणाली, "एस्तेर म्हणाली, तुझं अक्षर चांगलं, मी मोजते, तू लिही. मी तक्त्याकडे तोंड करून उभी. मला काय ठाऊक?"
"मग ती मोजते हे मला सांगायचंस!"
"तुम्ही विचारलंत कुठे, बाई? नुसतं बघत होतात."
विहिरीवरच्या आंघोळीचंही विचारलं. विचारायला नको होतं. "सासूला शब्द दिलाय. तेवढ्यावर तर सोडलंन मला." बरं वाटलं नाही, पण खोटं नव्हतं.
एस्तेर रडली, कबूल झाली. तिचा आजा बाटण्याआधी ब्राह्मण होता, आजी अजून विचारते म्हणे, आज कुणाला शिवलीस. हे मला ऐकवते! मला! बाप्तिस्म्याच्या पाण्याने एवढंही धुतलं जात नाही?
आणि माझं काय धुतलं गेलं? मीही जात बघूनच चोर ठरवला.

रवि., १२
चर्चमध्ये पवित्र भोजनाची भाकर घ्यायला उठले नाही. उपासनेनंतर मि. सा.ना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "एस्तेरचं नाव मुंबईला गेलं, रूथबाई. उपदेशकाच्या घरची अब्रू आहे."
"आणि भागूचा जीव?"
"कागद तुमच्या सहीचा आहे."
खरंच आहे. परत मागितला. दिला नाही.

सोम., १३
दीर आलाय. गाडी फाटकाशी. मी मि. सा.ना दुसरा कागद दिलाय: आकडे एस्तेरचे, शहानिशा न करता यमुनेवर आळ घेतला तो मी, एस्तेरचं नाव मागे घ्यावं. यमुना गेली तर मीही इथे शिकवणार नाही. दार लावून वाचताहेत. अर्धा तास झाला. एका कागदाला अर्धा तास?
दीर दोनदा येऊन गेला. "बाई, बैल उन्हात हायत."
यमुना ट्रंक भरतेय. मी म्हटलं, "भरू नकोस. मी कागद दिलाय."
हातातली घडी तशीच धरून तिने माझ्याकडे पाहिलं. "मी राहीन हे कशावरून, बाई?"
झाकण लावून ट्रंकेवरच बसलेय. इथेच लिहितेय. ती समोर उभी आहे, ऊठ म्हणत नाही, बसही म्हणत नाही.