बुवांचा नवा राग आणि आमची दर्शू

११ जाने. २००९, रविवार
दर्शूच्या गाण्याच्या बुवांनी नवा राग काढलाय. स्वतः! क्लासात पोरींच्या आया-आज्यांना बसवून ऐकवला. नाव बायकोचं दिलंय रागाला. बायको भिंतीला टेकून डुलक्या काढत होती. मला तर जुनेच दोन राग एका टोपात ढवळल्यासारखे वाटले. पण मागं तंबोऱ्यावर माझी नात, हिरव्या ओढणीत! मी तिच्याकडंच बघत होते.

१ मार्च
पनवेलात बुवांचा कार्यक्रम. तोच राग, पण या खेपेला ड्रमवाला घेतलेला. मेला गादी झोडपल्यासारखा बडवत होता. याला फ्यूजन म्हणतात. बुवा वरच्या सुराला गेले, हात वर गेला, आवाज खालीच. सूर मागून आला. आमच्या दर्शूचा! टाळ्या बुवांना. शेजारची बाई म्हणते, "या वयात काय सूर लागतो हो!" मी म्हटलं, "सतरावं लागलंय." बघतच राहिली.

२२ जून
दर्शूला विचारलं, तू पुढं कधी बसणार? "आजी, बुवा म्हणतात अजून तयारी नाय." "मग वरचा सूर कोण लावतंय, त्याचा बाप?" रडली पोर. कोलंबीचं कालवण केलं तिच्यासाठी. खाताना आठवलं, आज सोमवार. जाऊ दे.

४ ऑक्टो.
रागाची सीडी आली. वर बुवा, डोळे मिटून, मोरा बंदराच्या धक्क्यावर. माझं माहेर तिथलं, त्या सुकटीच्या वासात डोळे मिटणारच. आत तबलेवाला, पेटीवाला, फोटोवाल्याचंही नाव. दर्शूचं नाय. अर्धी सीडी तर तीच गातेय! रोज लावते मी. बुवांचा आवाज आला की सूनबायला सांगते, मिक्सर लाव.

१३ डिसें.
बुवा घरी आले. पुण्याला मोठा कार्यक्रम हाय, "दर्शना मागं हवीच." माझी जीभ शिवशिवत होती, पण पोरगीच बोलली. "येईन बुवा. पण तुमच्या शेजारी बसेन. माझा माईक, पत्रिकेत माझं नाव."
"गुरूला अट घालतेस?"
"विचारतेय."
चहा तसाच टाकून गेले. माझी दर्शू! पण नंतर म्हणते, "आजी, क्लास बंद केला तर? दुसरं कोण शिकवणार मला?" मी बुवांचा गार चहा मोरीत ओतला.

२० डिसें.
आठवडा झाला, बुवांचा निरोप नाय. दर्शू सकाळपासून तंबोरा घेऊन बसलीय. तोच राग, एकटीनं, पहिल्यापासून. मेल्यानं खरंच चांगलं काय तरी केलंय की काय, अशी शंका येतेय मला. फोन वाजला आता. सूनबाय ओरडतेय, "दर्शू, बुवांचा गं!" पोरगी उठत नाय. आलाप पुरा करतेय.