पूर्ण बाह्यांचं कापड

मु. पो. मुखेड

तीर्थरूप अक्कास धोंडप्पाचा शरणार्थ. तुझे गुडघे कसे हायेत, दाजींचा खोकला उतरला का, तुझ्या नातीच्या, पुनमच्या लग्नाची तयारी कुठवर आली, हे सगळं मी विचारलं असं समज. इकडं आम्ही मजेत. फोन सोडून पत्र का लिहून राहिलो म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू देत न्हाईस. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, भरल्या गाडीत माझाच आवाज चालायचा, पण तुझ्यापुढं आजवर माझी डाळ शिजली न्हाई. पत्राला मधी तोडता येत न्हाई.

तुझा निरोप मिळाला. ऋतुजाला करवली करू नका, चारचौघांत हात दिसतो, पूर्ण बाह्यांचं कापड पाठवलंय, बोटांपर्यंत शिवा. म्हणजे माझ्या दहा वर्षांच्या नातीनं लग्नात हात झाकून कोपऱ्यात बसायचं. ऐक आता. गेल्या दिवाळीत कडबाकुट्टीत तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, उरलेली आखडली. यंत्राचं बटन मी दाबलं होतं. झाकायचंच असंल तर माझं तोंड झाक, पोरीचा हात झाकायचा न्हाई.

लातूरला हाताचे व्यायाम घेणाऱ्या तनुजा मॅडम हायेत. पहिल्या खेपेला तिचा बाप, म्हणजे आपला भागवत, घेऊन गेला होता. मॅडमनी बोटांना बांधायचा पट्टा दिला आणि दाबून दाबून बळ यायला रबरासारखा एक हिरवा गोळा दिला. सूनबाईंनी तो परातीत ठेवला. नेमकं त्याच दिवशी म्हशीचं पोट फुगलेलं. मी शेतातून आलो, परातीत हिरवा गोळा दिसला, मला वाटलं पाला वाटून औषध करून ठेवलंय. म्हशीचा जबडा उघडला आणि कोपरापर्यंत हात घालून गोळा आत सारला. (म्हशीला काही झालं न्हाई, उलट पोट उतरलं. तिसऱ्या दिवशी गोळा जसाच्या तसा बाहेर आला, पण तो मॅडमला नेऊन दाखवायची माझी छाती झाली न्हाई.)

पुढच्या खेपेला मी स्वतः गेलो आणि मान खाली घालून सगळं कबूल केलं. मॅडम तोंडाला रुमाल लावून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आजोबा, गोळा राहू द्या, घरात बोटांचं जे काम असंल ते तिला द्या, पण रोज, आणि तुम्हीही सोबत बसा. आता लग्न म्हटल्यावर रुखवताला खिरीचे गव्हले लागणारच. दुपारी घरातले सगळे शेतात, म्हणून रव्याची कणीक घेऊन आम्ही दोघंच बसलो. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट, त्यात बारीक लोळी धरायची आणि गव्हाएवढा दाणा तोडायचा. (तू आयुष्यभर केलंस, तुला काय सांगतो. पण मला ठावं नव्हतं, लई अवघड काम हाय.) पहिले आठ दिवस पोरगी रडली, एकदा परात उडवली, मीही बसल्या जागी डोळे पुसले. माझे गव्हले शेंगदाण्याएवढे. धोंडप्पा गव्हले वळून राहिला म्हणून पारावरच्या लोकांनी चार दिवस पोट धरून हसून घेतलं. हसू दे. महिनाभरात पोरगी मलाच शिकवू लागली, आणि रागावते पण अगदी तुझ्यासारखी.

तर साफ सांगतो. पुनमच्या मागं दिवा घेऊन ऋतुजाच उभी राहील, त्याच हातानं, तुमच्या सगळ्या निलंगा गावासमोर. ज्याला बघवणार न्हाई त्यानं डोळे मिटून अक्षता टाकाव्यात. तुला पटत नसंल तर आम्ही मांडवाबाहेर बसू. (जेवायला मात्र येऊ. तुझ्या घरची गव्हाची हुग्गी मी कोणत्याही भांडणात सोडलेली न्हाई.)

तुझा धाकटा, पण एवढ्या बाबतीत थोरला भाऊ,
धोंडप्पा

ता. क. मागच्या महिन्यात आमच्याकडून आलेला गव्हल्यांचा डबा तू गल्लीभर फिरवलास म्हणं, मुखेडच्या सुनेचा हात बघा म्हणून, आणि रुखवतात सगळ्यांत पुढं मांडायचं ठरवलंस. तो हात सुनेचा न्हाई. ऋतुजाचा हाय, तोच. आता गल्लीला काय सांगायचं ते तुझं तू बघ. (तळाशी पुडीत होते ते माझे. चिमण्यांना घाल.)

ता. क. दुसरं. तुझ्या कापडाचं पोलकं नजीर शिंप्यानं छान शिवलं. बाह्या कोपराच्या वर. बरंच कापड उरलं, त्याची पिशवी केली. हे पत्र आणि गव्हल्यांचा दुसरा डबा ज्या पिशवीतून आला, ती तीच.

ता. क. तिसरं. खालची ओळ ऋतुजाची हाय. अक्षर वाकडं हाय, पण हात उजवा हाय.

अक्काआजी, दिव्यात तेल काठोकाठ घालू नका, सांडतं. मी घरी रोज धरून बघते.