साडूंच्या डाव्या डोळ्याने पास झालेली भिंत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
बांधकाम परवाना व तपासणी कार्यालय,
दुसरा मजला.

विषय: आपले तपासनीस, जे नात्याने माझे साडू लागतात, यांना डोळ्याच्या उपचारासाठी सक्तीने रजेवर पाठवण्याबाबत.

संदर्भ: याच विषयाचा माझा आधीचा अर्ज व त्यावर आपले उत्तर.

महोदय,

साडू तपासनीस असल्याने मला काय मिळायला हवे होते, ते आधी मांडतो. घरामागे एक खोली काढायची होती. नकाशा पहिल्याच फेरीत मंजूर व्हावा, भिंत न बघता पास व्हावी आणि पाहणीचा चहा आमच्याकडे व्हावा, असा एकूण अंदाज होता. शेजाऱ्यांचाही तोच होता, म्हणून ते आधीपासूनच जळत होते. प्रत्यक्षात यातला फक्त चहा झाला.

२. साडूंची पाहणीची पद्धत आपणास ठाऊक आहेच. ते भिंतीच्या कोपऱ्याला गाल टेकवतात, उजवा डोळा मिटतात आणि डाव्याने कडेकडेने बघतात. आमची भिंत त्यांनी अशी बघितली आणि म्हणाले, "मध्ये पोट आलंय. पाडा." गवंड्याने ओळंबा सोडून दाखवला. साडूंनी ओळंब्याकडेही तसेच बघितले आणि सांगितले, "दोरीच वाकडी आहे तुझी, बदल." वाकडी दोरी टांगून दाखवावी कशी, हे गवंड्याला अद्याप उमगलेले नाही. अखेर साडू समोर उभे राहिले, "आत घे, अजून आत," असे सांगत गेले आणि त्यांना सरळ दिसेपर्यंत गवंडी विटा सरकवत गेला. ती भिंत लगेच पास झाली. आज तिच्या नावे आपल्या कार्यालयाचा सरळपणाचा दाखला आहे आणि आपल्याच कार्यालयाच्या धोकादायक इमारत विभागाची नोटीसही आहे. दोन्ही मी त्याच भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवले आहेत.

३. माझी बायको व मेहुणी या सख्ख्या बहिणी. मेहुणीने हिच्याजवळ कबूल केले की साडू हल्ली बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघतात, कारण तोंडाच्या जागी त्यांना धूसर डाग दिसतो. तेव्हा "माझेच डोळे दाखवायचे आहेत, सोबत चला" असे सांगून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंनी चौकटीचौकटींचा एक कागद पुढे ठेवला आणि एकेक डोळा झाकून रेघा कशा दिसतात ते विचारले. साडूंनी खिशातून पेन काढले, कागदावर "रेघा वाकड्या. नामंजूर" असा शेरा लिहिला आणि खाली सही केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतके स्पष्ट उत्तर त्यांना आजवर कोणी दिले नव्हते.

४. बाईंनी सांगितले ते मला समजले तसे लिहितो. डोळ्याच्या पडद्यामागे पेशींचा एक थर असतो. पडद्यातल्या पेशी उजेड झेलून झेलून झिजतात, आणि त्यांची झिजलेली टोके हा थर रोज खाऊन पचवतो. शिवाय प्रत्येक पेशी आपल्या पोटातले मोडके सामान स्वतःच मोडीत काढते व कामाचे तेवढे परत वापरते. वय वाढले, त्यात सिगारेट असली, की पेशींवर ताण येतो आणि ही साफसफाई मागे पडते. न पचलेले पडद्याखाली साठत जाते, त्याने थर आजारी होतो. काहींच्या बाबतीत मग तिथे नको त्या नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवून पाझरू लागतात. पडदा उचलला जातो, सरळ रेघा वाकतात, आणि शेवटी नजरेचा मधला भाग जातो. साडूंच्या डाव्या डोळ्यात पाझर सुरू झाला होता. डोळ्यात इंजेक्शने वेळेवर दिली तर बहुधा थांबेल, पण गेलेले परत येईलच असे नाही, असे बाईंनी बजावले. साडू म्हणाले, "साहेबांचा लेखी हुकूम आल्याशिवाय मी जागा सोडत नाही." मेहुणी रडली, हिने त्यांना नको ते बोलून घेतले. ते ढिम्म हलले नाहीत.

५. म्हणून मी आपणास पहिला अर्ज केला. आपण तो "प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल सादर करावा" असे लिहून संबंधित तपासनिसाकडे, म्हणजे साडूंकडेच, पाठवला. ते सरकारी फाईल घेऊन आमच्या घरी आले. उजवा डोळा मिटून, डाव्या डोळ्याने त्यांनी आमच्या आरशात डाव्या डोळ्याची पाहणी केली आणि "दोष आढळला नाही" असा अहवाल दिला. आरशाला मात्र दुरुस्ती सुचवली. आपण अहवाल मान्य केल्याचे मला कळवलेत.

यामागचे कारण मला आपल्या हेडक्लार्कबाईंनी जिन्यात सांगितले. "काका, त्यांचा डोळा खराब ठरला तर त्यांनी पास केलेल्या सगळ्या भिंती खराब ठरतात. परत तपासायला माणसं कुठून आणायची? त्यापेक्षा एक डोळा परवडतो." बाई मनाने वाईट नाहीत. त्यांच्याही घराची भिंत साडूंनीच पास केली आहे.

६. महोदय, फाईल फिरत राहिली आणि डावा डोळा तेवढे दिवस थांबला नाही. परवा आमच्याकडे जेवताना साडूंनी पेल्यात म्हणून पाणी ओतले, ते ताटात. मग कोणी काही बोलायच्या आत म्हणाले, "ताट जरा खोलगट घेत जा." हसले कोणी नाही. डॉक्टरीणबाईंनी काल पुन्हा बघितले. डाव्या डोळ्याची मधली नजर गेली. उजव्या डोळ्यात कचरा साठला आहे, पण पाझर अजून नाही. तो डोळा वरचेवर तपासत राहिला आणि पाझर दिसताच इंजेक्शन मिळाले, तर वाचवता येईल. त्यासाठी साडूंना रजा हवी, आणि रजेला आपली सही.

भिंती परत तपासाव्या लागतील याची भीती नसावी. माझी भिंत मी स्वतःच्या खर्चाने उतरवतो, बाकीच्या भिंतींबद्दल आजवर कोणी विचारलेले नाही, मीही विचारणार नाही.

आता कोणी काय भरले ते पाहू. मी एक भिंत भरली. गवंड्याने आपली पत भरली, ओळंबा असून त्याला गावभर वाकडा म्हणतात. मेहुणीने झोप भरली. साडूंनी डावा डोळा भरला. कार्यालयाने काहीच भरलेले नाही, आणि मी मागतोय ती केवळ एक सही. ती या आठवड्यात झाली नाही, तर पुढचा भरणाही साडूंच्याच नावे पडेल, आणि त्यांच्याकडे द्यायला आता एकच डोळा उरला आहे.

आपल्या सहीकडे डोळे लावून बसलेला,
अर्जदार
(तपासनिसांचा साडू)

दिनांक: आपला आवक शिक्का पडेल तो