पातेल्यावरचं नाव

बाई, आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, तेव्हा तुम्ही उलट उत्तर देणार नाही, हे माझ्या सोयीचंच आहे. वर्गात तुमच्यापुढं तोंड उघडायची माझी छाती नव्हती आणि घरात तर त्याहून नाही.

निमित्त झालं माझ्या भाचीचं. पुण्याला शिकते, सुट्टीत आली होती. ओट्याशी उभी राहून तिनं मला सांगितलं की तिला मुलीच आवडतात, आणि त्याला काय म्हणतात तेही सांगितलं. असे कितीतरी शब्द तिच्याकडे आहेत. कोण बाई, कोण पुरुष, कोण दोन्ही नाही, कोणाला कोण आवडतं, सगळ्याला शब्द. मी शहाणपणानं तिला तुमचंच वाक्य ऐकवलं, "माणसाला कशाला हवी चिठ्ठी?" ती म्हणाली, "मावशी, तुला नको असेल. मला हवी आहे." ती आत निघून गेली आणि मी वरण ढवळत उभी राहिले.

तुमचं ते वाक्य धुळ्याच्या स्वयंपाकघरातलं. सोनगीरहून मी अकरावीला तुमच्याकडे राहायला आले तेव्हा दोन खोल्यांत तुम्ही दोघी. तुम्ही शाळेत शिकवायच्या, सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, म्हणून मीही. तुम्हा दोघींचं वाजायचं ते फक्त भांड्यांवरून. तुम्हाला कुकर प्यारा. तीन शिट्ट्या झाल्या की वह्या तपासायला मोकळ्या. सिस्टरना कुकरचं वरण म्हणजे दवाखान्यातलं जेवण वाटायचं. त्यांना लोखंडी कढई हवी, लोखंडी तवा हवा, आणि वरणाला त्यांच्या आईकडं होतं तसं जाड पितळी पातेलं हवं, आतून कल्हई केलेलं. ते काही घरात नव्हतं, आणि दर चार दिवसांनी त्याची आठवण निघायची. तुम्ही डब्यांवर सुरेख अक्षरात चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि सिस्टर 'साखर' लिहिलेल्या डब्यात खुशाल तूरडाळ भरायच्या.

"अगं, चिठ्ठी आहे ना त्यावर!" तुम्ही ओरडायच्या.

"चिठ्ठी वाचीसन कोन रांधस?" सिस्टर त्यांच्या अहिराणीत विचारायच्या.

असंच एकदा हसता हसता मी धीर करून विचारलं होतं. शेजारी तुम्हाला बहिणी म्हणतात, शाळेत मुली आणखी काही म्हणतात, मग तुम्ही एकमेकींच्या कोण? तुम्ही पोळीवरून नजर न काढता म्हणालात, "डब्यावर चिठ्ठी लोकांना लागते. आत काय आहे ते आम्हाला माहीत आहे. माणसाला कशाला हवी?" मला ते फार थोर वाटलं. सिस्टर मात्र कढईतली भाजी हलवत राहिल्या. त्या गप्प का होत्या, ते मी विचारलं नाही. मला वाटतं, तुम्हीही विचारलं नसावं.

पुढं मला जळगावला नोकरी लागली. पहिल्या पगाराच्या दुसऱ्याच दिवशी मी भांड्यांच्या दुकानात उभी आहे. जड पितळी पातेलं निवडलंय, आणि नाव घालणाऱ्याच्या हातात चिठ्ठी दिलीय, तुम्हा दोघींच्या नावांची. तो ती वाचतो, पुन्हा वाचतो. "दोन्ही बायांचीच नावं? मालकाचं नाही?" बाकावर बसलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतात. एक बाई तोंडाला पदर लावते. आणि मी चटकन तुमच्या नावावर बोट ठेवून म्हणते, "एकच घाला. बाईंचं." तो छिन्नीनं ठिपके ठोकत तुमचं नाव काढतो आणि मी चिठ्ठी परत मागून पर्समध्ये टाकते.

सिस्टरनी पातेलं हातात घेतलं, कानाशी नेऊन टिचकी मारून पाहिली, म्हणाल्या, "चांगलं जाड शे." नावावरून त्यांचं बोट एकदा फिरलं. तुम्ही मात्र त्या संध्याकाळी मला झापलंत. "नाव कशाला घातलंस? लग्नाकार्यात दुसऱ्याच्या घरी जातं, परत यायला हवं, म्हणून भांड्यावर नाव घालतात. हे कुठं जाणार होतं?"

गेलं, बाई. तुमच्या चौदाव्यानंतर नरडाण्याहून तुमच्या भावाचा मुलगा टेम्पो घेऊन आला. माणूस वाईट नव्हता. "मावशी, तुमचं असेल ते बाजूला काढा," असंच तो सिस्टरना म्हणाला. सिस्टरनी कढई काढली, तवा काढला, मग पातेलं काढलं. तो नाव वाचून अवघडला. "ह्यावर आत्याचं नाव आहे." सिस्टरनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिले इचारा. हिनीच आनेल शे." त्यानं मला विचारलं, कोणासाठी घेतलं होतं. दोघींसाठी, एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्यानं विचारलं असतं, दोघी एकमेकींच्या कोण, आणि ते मी कशावरून ओळखलं. जळगावला माझ्या खोलीत राहणारी मुलगी नुसती मैत्रीण नव्हती, बाई. मी म्हणाले, "बाईंसाठी." सिस्टरनी पातेलं स्वतःच उचलून टेम्पोत ठेवलं. मग पदरानं हात पुसले आणि कढई पिशवीत घालायला लागल्या.

म्हणून आज भांडते आहे. नाव नको म्हणणं तुम्हाला परवडलं, कारण तुमचं नाव शाळेच्या फळ्यावर होतं, घरभाड्याच्या पावतीवर होतं, पातेल्यावरही होतं. सिस्टरच्या हातात दाखवायला काय होतं? त्या तुमच्या कोण, हे सांगणारा एक शब्द त्यांच्याजवळ असता तर पातेलं जाऊ दे, निदान गल्लीतल्या बायांनी त्यांना धरून रडू दिलं असतं. भाचीचं बरोबर आहे. उद्या तिला फोन करून तसं सांगणार आहे.

आणि हेही कबूल करते की सगळा दोष तुमच्यावर ढकलणं मला बरं वाटतंय. सिस्टर एरंडोलजवळ त्यांच्या गावी आणखी आठ वर्षं होत्या. पत्ता माझ्या डायरीत होता. एक कार्डही मी टाकलं नाही. ती दुकानातली चिठ्ठी अजून आहे माझ्याजवळ. तिच्यात पहिलं नाव त्यांचं आहे, कारण पातेलं मी त्यांच्यासाठीच घेतलं होतं. हे पत्रही खरं तर त्यांनाच लिहायला हवं होतं. लिहायला बसले आणि वर पुन्हा तुमचंच नाव घातलं.